तिथी, भरती आणि मोरी : खाडीकाठच्या एका घराचे प्रकरण

नवी मुंबईत वाशी आणि बेलापूर यांच्या दरम्यान, खाडीच्या अंगाला जी जुनी गावठाणे अजून उभी आहेत, त्यांपैकी एका गावठाणातील एका घराची ही नोंद आहे. घरच्या मंडळींच्या इच्छेवरून गावाचे आणि कुटुंबाचे नाव येथे दिलेले नाही. मी भूगोल शिकवतो. या घराशी माझा परिचय झाला तो घरातील मोठ्या नातवाच्या शालेय प्रकल्पामुळे; परंतु पुढे अनेक महिने मी तेथे जात राहिलो, कारण पाऊस आणि भरती यांच्याविषयी जे मी वर्गात फळ्यावर शिकवत होतो, ते या घराच्या मोरीत प्रत्यक्ष घडत होते आणि त्याचा अर्थ लावताना मी पहिल्यांदा साफ चुकलो होतो.

घर तळमजल्याचे, वर पत्र्याचा माळा. पुढे ओटा, मग पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि त्याला लागून मोरी. मागच्या भिंतीला खेटून गल्लीचे गटार जाते. गटार पुढे मोठ्या नाल्याला, नाला एका धारण तलावाला आणि तलाव बांधातील झडपेतून खाडीला मिळतो. बांधापलीकडे तिवरांची, म्हणजे खारफुटीच्या झाडांची, दाट रांग आणि तिच्यापलीकडे ठाण्याची खाडी. घरात आजी, त्यांचा मुलगा, सून आणि दोन नातवंडे आहेत. मुलगा ठाणे–बेलापूर औद्योगिक पट्ट्यातील एका कारखान्यात रात्रपाळी करतो आणि सुट्टीच्या दिवशी वडिलांची लहान होडी घेऊन खाडीत पाग, म्हणजे हाताने फेकायचे जाळे, टाकतो. सून ओट्यावर आणि आठवडी बाजारात सुकी मासळी विकते. धाकटी नात सकाळच्या शाळेत जाते आणि साडेबारानंतर घरी परतते. या वेळा मी मुद्दाम देत आहे, कारण हे सगळे प्रकरण वेळांचेच आहे.

तक्रार अशी होती की पावसाळ्याच्या चार महिन्यांत, महिन्यातून दोनदा आणि दर वेळी तीन-चार दिवस, भर दुपारी घरात घोट्यापर्यंत पाणी शिरत असे. ते गटाराचे काळे पाणी असे. चार-पाच तास ते तसेच राही, मग हळूहळू उतरे आणि फरशीवर चिखलाचा पातळ थर सोडून जाई. तळाच्या पोत्यांतील बोंबील आणि सुकट त्यात भिजे आणि एकदा भिजलेली सुकी मासळी पुन्हा कितीही उन्हात घातली तरी तिला गिऱ्हाईक मिळत नाही. गल्लीतील सगळ्यांचे म्हणणे एकच होते की पाऊस फार झाला म्हणजे पाणी येते. तक्रारअर्जांना आलेली उत्तरेही तशीच होती: अतिवृष्टीमुळे पाणी साचले, पाऊस ओसरताच निचरा झाला. मीही तेच धरून चाललो होतो.

आजींचे म्हणणे मात्र वेगळे होते. पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "पानी दारातशी नाय येत, मोरीतशी येतं." हे वाक्य मी वहीत लिहून घेतले, पण त्यातील माहिती माझ्या लक्षात आली नाही. पावसाचे पाणी वरून येते आणि ते गल्लीत साचून उंबरा ओलांडते. येथे उंबरा कोरडा असतानाच मोरीची जाळी बुडबुडू लागत असे. म्हणजे पाणी उलट्या दिशेने, खालून वर येत होते. एवढ्या एका निरीक्षणावर सगळे निदान उभे राहू शकत होते. पण ते बोलणाऱ्या बाईंचे वय अठ्ठ्याहत्तर होते, त्या शाळेत गेलेल्या नव्हत्या, आणि आम्ही शिकलेले लोक आकाशाकडे पाहत होतो.

जागेचा इतिहास

हे गाव मुळात खाजणाच्या, म्हणजे भरतीचे पाणी पोहोचणाऱ्या सखल खाऱ्या जमिनीच्या, काठचे. भरतीचे खारे पाणी अडवण्यासाठी मातीचे बांध घालून आतल्या जमिनीत भातशेती करण्याची पद्धत ठाणे आणि रायगडच्या खाडीपट्ट्यात फार जुनी आहे. अशा बांधाला ठरावीक ठिकाणी लाकडी दार असे. त्याला उघाडी म्हणतात. ओहोटी लागली की आतले पावसाचे पाणी उघाडीतून बाहेर जाई, आणि भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने ती मिटे. ती नीट मिटली की नाही हे पाहणे हे गावाचे काम होते. कारण एका भरतीचे पाणी जरी शेतात शिरले, तरी त्या वर्षीचे भात हातचे जाई आणि जमिनीतील मीठ धुवून निघायला पुढचे पावसाळे लागत.

१९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि नव्या शहरासाठी ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतील ९५ गावांची जमीन संपादित करण्यात आली. शेते गेली, गावठाणे राहिली. भोवतीच्या सखल जमिनीवर भराव घालून नवे विभाग वसवण्यात आले. त्यामुळे ज्या गावठाणाच्या घरांचे जोते एकेकाळी शेतापेक्षा उंच होते, तेच आता नव्या रस्त्यांपेक्षा खाली आले. डांबराचा प्रत्येक नवा थर हा फरक वाढवत गेला. या घराच्या ओट्याला पूर्वी तीन पायऱ्या चढून जावे लागे. आज रस्त्यावरून ओट्यावर सरळ पाऊल पडते.

नव्या शहराच्या रचनेत पाण्याचा विचार झाला नव्हता, असे म्हणणे अन्यायाचे होईल. समुद्रसपाटीला लागून असलेल्या या भूमीसाठी धारण तलावांची योजना करण्यात आली, आणि ती तत्त्वतः उत्तम आहे. भरतीच्या वेळी खाडीकडचे दार बंद असताना शहराचे पावसाचे पाणी तलावात थांबते. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने दार उघडते आणि तलाव रिकामा होतो. उघाडीचेच तत्त्व येथे मोठ्या प्रमाणावर आणि लोखंडात उतरवले आहे. ही योजना तीन गोष्टींवर अवलंबून राहते: दार पूर्ण मिटले पाहिजे, ओहोटीला पूर्ण उघडले पाहिजे आणि तलावात पाणी मावायला खोली असली पाहिजे. उघाडीवर गावाचे रोजचे लक्ष असे, कारण तिच्याआड गावाचे भात होते. नव्या दाराआड कोणाचे भात नव्हते, म्हणून ते पाहायला कोणी जात नसे.

वर्षाचा क्रम

या घराचे वर्ष चैत्रापासून नव्हे, अगोटीपासून सुरू होते. पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांची बेगमी करून ठेवणे म्हणजे अगोट. वैशाखात मसाला कुटला जातो, मीठ भरले जाते, तांदूळ, चिंच, कांदा-लसूण माळ्यावर जातात, आणि मासळीच्या घरात सर्वांत मोठी अगोट असते ती सुक्याची: बोंबील, जवळा, सुकट, वाकट्या आणि जपून वापरायचे सोडे. सून आपल्या घरापुरते नव्हे, तर विक्रीसाठीही माल भरते आणि वर्षभराच्या भांडवलाचा मोठा हिस्सा त्या दोन-तीन आठवड्यांत पोत्यांमध्ये बांधला जातो.

त्यामागचे अर्थकारण समजून घेतल्याशिवाय पाण्याचे नुकसान समजत नाही. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना समुद्रात मासेमारीस बंदी असते. लहान बिगरयांत्रिक होड्यांना ती लागू नाही. म्हणून घरचा मुलगा खाडीत जाऊ शकतो, पण खाडीतून मिळणारी कोळंबी, बोय आणि चिंबोरी घरापुरतीच असते. बाजारात ताजी मासळी कमी आणि महाग झाली की सुक्याला मागणी येते. ज्येष्ठ आणि आषाढ हे सुनेच्या कमाईचे खरे महिने. त्यातही श्रावण पाळणारी गिऱ्हाइके आषाढ अमावास्येपर्यंत भरभरून खरेदी करतात आणि नंतर महिनाभर फिरकत नाहीत. म्हणजे विक्रीचा कळस अमावास्येला येतो, बाजार तापतो सकाळी दहा ते दुपारी एक या वेळात, आणि खाडीचे उधाणही त्याच दिवशी, त्याच वेळी चढते. हा योगायोग नाही. सण चंद्रावर चालतात आणि भरतीही चंद्रावरच चालते.

उधाण आणि भांग हे दोन शब्द या घरात रोजच्या वापरातले आहेत. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास चंद्र आणि सूर्य यांची ओढ एका रेषेत येते. तेव्हा भरती खूप चढते आणि ओहोटी खूप उतरते, ते उधाण. अष्टमीच्या सुमारास ही ओढ एकमेकींना छेदते. तेव्हा पाणी फारसे चढत नाही आणि फारसे उतरतही नाही, तो भांग. मुंबईच्या किनाऱ्यावर उधाणाची भरती साडेचार मीटरच्या वर जाऊ शकते. भांगाची त्याहून मीटर-सव्वा मीटर कमी राहते. उधाणाचा कळस बहुधा ऐन पौर्णिमेला येत नाही, तर नंतरच्या एक-दोन-तीन दिवसांत येतो.

वेळ काढण्याचे आजींचे गणित कोकणच्या किनाऱ्यावर सर्वत्र परिचित आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करायची. तितके वाजता पूर्ण भरती. द्वितीयेला दीड, पंचमीला पावणेचार, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांना हिशोब एकच, आणि दिवसाची दुसरी भरती साधारण साडेबारा तासांच्या अंतराने. चंद्र रोज सुमारे ४८ ते ५० मिनिटे उशिरा माथ्यावर येतो, आणि ४८ मिनिटे म्हणजे तासाच्या पाऊणपटीच्या अगदी जवळ; गणिताचे मूळ ते आहे. छापील कोष्टकाशी ताडून पाहिले तर या हिशोबात पाऊण-एक तासाचा फरक पडू शकतो, विशेषतः भांगाच्या दिवसांत. शिवाय कोष्टक मुंबईच्या अपोलो बंदरासाठी असते आणि खाडीच्या आत भरती थोडी उशिरा पोहोचते. नातवाने जेट्टीच्या खांबावर खडूने खुणा करून पाहिले तेव्हा हा उशीर या गावाला सुमारे अर्ध्या तासाचा निघाला.

आणखी एक गोष्ट मला पुस्तकातून ठाऊक होती, पण तिचा रोजच्या जगण्याशी असलेला संबंध येथेच कळला. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात. पावसाळ्यात उधाणाची मोठी भरती दुपारी येते आणि रात्रीची तिच्याहून बरीच कमी असते. हिवाळ्यात हे उलटते आणि मोठी भरती मध्यरात्री येते. म्हणून पावसाळ्याचे पाणी नेहमी दुपारी एक-दोनच्या सुमारास येई. त्या वेळी रात्रपाळीचा मुलगा झोपलेला, सून बाजारात, नात शाळेतून परतण्याच्या वाटेवर आणि घरात एकट्या आजी. जड पोती उचलू शकेल असे कोणीही त्या घटकेला जागे किंवा घरात नसे.

दोन दिवस

पहिला दिवस आषाढ वद्य द्वितीयेचा. सकाळपासून पाऊस होता, पण झड लागलेली नव्हती. सर येई आणि थांबे. नातवाने माझ्या सांगण्यावरून गच्चीवर सरळ कडांचा डबा ठेवला होता, आणि दुपारी त्यात बोटाच्या दोन पेरांएवढेच पाणी होते. बाराच्या सुमारास मोरीची जाळी बुडबुडली. पाऊण वाजता मोरी भरली, सव्वाला पाणी माजघरात आले आणि दोन वाजता ते माजघराच्या भिंतीवरील जुन्या डागापर्यंत पोहोचले. तेव्हा बाहेर पाऊस पडत नव्हता. गल्लीत चक्क ऊन आले होते, आणि उन्हात उभे राहून आम्ही घरातील पाणी पाहत होतो.

दुसरा दिवस त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक काळाने, श्रावण शुद्ध अष्टमीचा. पहाटेपासून मुसळधार पाऊस होता. शाळा सोडून देण्यात आली, ट्रान्स हार्बरच्या लोकल उशिराने धावत होत्या. डब्यातील पाणी द्वितीयेच्या दुपटीहून अधिक भरले. मी घाईने गावात पोहोचलो तेव्हा सून ओट्यावर निवांत सुकट निवडत होती. गटार दुथडी भरून वाहत होते, पण ते खाडीच्या दिशेने वाहत होते. मोरी कोरडी होती. आजींनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे हात केला आणि म्हणाल्या, "आज भांग हाय. काय नाय व्हनार."

या दोन दिवसांनी पाऊस हे मूळ कारण असल्याचा समज मोडला. पाऊस हा त्या पाण्याचा एक वाटेकरी होता, मालक नव्हता. येथे २६ जुलै २००५ चा उल्लेख केला पाहिजे, कारण गल्लीतील प्रत्येक चर्चा अखेर त्या दिवसापाशी येते. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, तर कुलाब्याला फक्त ७३ मिलिमीटर. आणि दुपारी तीनच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. त्या दिवशी दोन्ही गोष्टी एकत्र आल्या, आणि लोकांच्या मनात मात्र पावसाचा आकडा तेवढा राहिला. मला वाटते, त्या आकड्याच्या भयंकरपणामुळेच भरतीची वेळ विचारण्याची सवय आपल्याकडून सुटली.

तरीही एक प्रश्न उरत होता. उधाणाच्या वेळी झडप मिटलेली असते आणि पावसाचे पाणी अडते, हे ठीक. पण द्वितीयेला पाऊस इतका थोडा होता की तेवढे पाणी तलावात सहज मावायला हवे होते. मग मोरीतून वर आलेले पाणी कोणाचे होते?

पौषातील रात्र

याचे उत्तर पावसाळ्यात मिळणे शक्य नव्हते, कारण पावसाळ्यात गोडे आणि खारे पाणी मिसळलेले असते. हिवाळ्यात पाऊस नसतो आणि उधाणाची मोठी भरती मध्यरात्रीनंतर येते. पाऊस वगळून उरलेली परिस्थिती जशीच्या तशी समोर ठेवणारा हा निसर्गाचाच प्रयोग होता, आणि तो पाहण्यासाठी फक्त जागे राहायचे होते.

पौष अमावास्येनंतरच्या दुसऱ्या रात्री मी, मुलगा आणि मोठा नातू गटारापाशी बसलो. मुलाने त्या रात्री कारखान्यातून सुट्टी घेतली होती. हवा कोरडी होती, उत्तरेचा गार वारा होता आणि ओहोटीच्या वेळी खाडीतून रोहित पक्ष्यांचा आवाज येत होता. बारा वाजता गटाराच्या तळाशी बोटभर सांडपाणी होते. साडेबाराला ते थांबले. त्यानंतर ते उलटे, तलावाकडून गल्लीकडे सरकू लागले आणि दीड वाजेपर्यंत हातभर चढले. नातवाने त्यात पट्टी धरून दर दहा मिनिटांनी नोंद केली. पाणी मोरीत आले नाही, कारण त्यात पावसाची भर नव्हती. पण ते आले कुठून याबद्दल शंका राहिली नाही. पहाटे पाणी उतरल्यावर गटाराच्या चिखलात एक निवटी सापडली. निवटी हा खाडीच्या चिखलावर उड्या मारणारा मासा. तो पावसाबरोबर आकाशातून पडत नाही. तीन दिवसांनी गटाराच्या भिंतीवर मिठाची पांढरी रेघ दिसू लागली.

निदान असे झाले: बांधातील झडप पूर्ण मिटत नव्हती. उधाणाच्या वेळी खाडी तिच्या फटीतून आत येत होती, तलाव आधीच भरून ठेवत होती, आणि मग गल्लीतील थोड्या पावसालाही जायला जागा उरत नव्हती. तलावाचा तळ गाळाने वर आला होता, ही दुसरी गोष्ट. पण गाळ आज काढला तरी फुटकी झडप तो उद्या खाडीच्या पाण्याने भरून टाकणार होती. म्हणून आधी झडप आणि मग गाळ, हा क्रम महत्त्वाचा होता.

अर्ज आणि दुरुस्ती

यापूर्वीच्या अर्जांमध्ये "घरात पाणी शिरते, उपाय करावा" एवढेच लिहिलेले असे. या वेळी अर्जासोबत चार पानांची नोंद जोडली: तिथी, तारीख, भरतीची वेळ आणि उंची, मोरी बुडबुडण्याची वेळ, पाणी उतरण्याची वेळ, डब्यातील पाऊस आणि शेवटी पौषातील रात्रीची पट्टीची मोजणी. मिठाच्या रेघेचा फोटोही होता. पहिले दोन महिने काही झाले नाही, आणि त्या काळात गल्लीतील काहींनी आम्हाला वेड्यात काढले. मग एक कनिष्ठ अभियंता नोंद हातात घेऊन स्वतः आले. त्यांनी ओहोटीच्या वेळी बांधावर जायचे ठरवले, आणि कोणती वेळ ठीक पडेल हे आजींना विचारले. मला त्या अधिकाऱ्याबद्दल आदर वाटतो. झडपेच्या खालच्या कडेत एक लाकडी ओंडका अडकलेला होता, त्याभोवती प्लॅस्टिकचा आणि जाळ्यांच्या तुकड्यांचा गच्च गठ्ठा बसला होता आणि बिजागरी गंजून झडप एका अंगाला कलली होती. चैत्र संपण्यापूर्वी बिजागरी बदलण्यात आली आणि पुढे एक लोखंडी जाळी बसवण्यात आली.

तलावाच्या गाळाचा प्रश्न मात्र इतका सरळ नाही. वर्षानुवर्षे साचलेल्या गाळावर तिवरे उगवली आहेत, आणि २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिवरांच्या तोडीला मनाई केल्यापासून त्यांना हात लावण्यासाठी परवानगी लागते. गल्लीत यावरून तिवरांना शिव्या दिल्या जातात, आणि त्याचे मला मनापासून वाईट वाटते. बांधाबाहेरची तीच तिवरे उधाणाच्या लाटांचा मारा स्वतःवर घेतात, आणि खाडीतील कोळंबी-चिंबोरीची पिल्ले त्यांच्याच मुळांत वाढतात. घरच्या मुलाच्या पागात जे येते ते तिथलेच. तलावातील गाळ हा तिवरांनी आणलेला नाही. झडप उघडी राहिली, भरतीने गाळ आत आणून टाकला आणि तिवरे नंतर उगवली. हा क्रम उलटा सांगितला जातो, तोवर चर्चा पुढे जाणार नाही.

घरातील बदल

दुरुस्तीची वाट पाहत असतानाच घराने आपल्या परीने काही गोष्टी केल्या होत्या, आणि खर्चाच्या मानाने त्यांचा गुण अधिक आला. मोरीच्या बाहेर जाणाऱ्या नळीवर प्लंबरकडून नॉन रिटर्न व्हॉल्व्ह बसवून घेतला. घरातले पाणी बाहेर जाते, बाहेरचे आत येत नाही. ही त्या घरापुरती एक छोटी उघाडीच आहे, असे आजींनी पाहताक्षणी ओळखले. तिच्यातही कचरा अडकतो, म्हणून दर एकादशीला ती उघडून धुण्याचे काम सुनेने लावून घेतले आहे. एकादशी यासाठी की उधाणाला अजून चार दिवस बाकी असतात. विजेचे सॉकेट कंबरेच्या उंचीवर नेले. सुक्या मासळीची पोती जमिनीवरून उचलून लोखंडी मांडणीवर गेली. जमिनीखालच्या पाण्याच्या टाकीचे तोंड विटांनी उंच केले, कारण घरात पाणी येण्यापेक्षा पिण्याच्या टाकीत गटाराचे पाणी मिसळणे अधिक धोक्याचे होते आणि पूर्वी दोनदा तसे होऊन घरातील मुले आजारी पडली होती.

आजाराच्या बाबतीत एक गोष्ट गल्लीत अजून पुरेशी रुजलेली नाही. साचलेल्या पाण्यात उंदरांचे मूत्र मिसळलेले असते, आणि पायाला जखम किंवा भेग असेल तर लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो. अशा पाण्यातून चालावे लागले तर ताप येण्याची वाट न पाहता ७२ तासांच्या आत डॉक्टरांना भेटून प्रतिबंधक औषधाविषयी विचारावे लागते. मासळी साफ करणाऱ्या बायकांच्या बोटांना बारीक जखमा नेहमीच असतात. सून आता रबरी बूट आणि हातमोजे वापरते. शेजारणी अजून वापरत नाहीत.

सर्वांत उपयोगी ठरला तो बदल मात्र वेळापत्रकाचा. भिंतीवरच्या कॅलेंडरावर नातू दर महिन्याच्या सुरुवातीला उधाणाच्या सात-आठ दिवसांना लाल खूण करतो आणि शेजारी भरतीची वेळ लिहितो. त्या दिवसांत सून बाजारातून अकरालाच परतते, मुलगा जमेल तशी पाळी बदलून घेतो, आणि नातीला आणायला शेजारच्या काकी जातात. भादव्यात गणपतीचे मखर आता चौरंगावर नव्हे, पक्क्या विटांच्या ओट्यावर बसते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास असते, तेव्हा फारशी भीती नसते, आणि अष्टमीच्या भांगापर्यंत ती आणखी कमी होते; पण त्यानंतर पौर्णिमेकडे सरकणाऱ्या दिवसांत पाणी वाढतच जाते, आणि अनंत चतुर्दशीपर्यंत मूर्ती ठेवणाऱ्या घराला याचा विचार करावाच लागतो.

दुरुस्तीनंतर

२०२५ चा पावसाळा या सगळ्याची परीक्षा घेणारा ठरला. मुंबईत मोसमी पाऊस येण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून. त्या वर्षी तो २६ मे रोजीच दाखल झाला, आणि उपलब्ध नोंदींमध्ये इतक्या लवकर तो कधी आला नव्हता. शिवाय तो आला अमावास्येच्या तोंडावर, दुपारपूर्वीच्या उधाणाबरोबर. अगोट अर्धीच भरली होती. जवळा सुकायचा होता, तो ओला राहिला आणि त्याला वास धरला. ते नुकसान झडपेला किंवा व्हॉल्व्हला टाळता येण्यासारखे नव्हते. मृग ७-८ जूनला लागतो आणि त्याआधी सुकवण उरकते, या हिशोबावर पिढ्यान्‌पिढ्यांची अगोट चालत आली. सुनेने आता वैशाख शुद्ध पक्षातच खरेदी आटोपायचे ठरवले आहे, आणि त्यासाठी लागणारे पैसे महिनाभर आधी उभे करावे लागणार आहेत, ही तिची सध्याची खरी चिंता आहे.

पाणी मात्र त्या दिवशी मोरीत आले नाही. पुढे आषाढाच्या उधाणात एकदा मुसळधार पाऊस नेमका भरतीच्या वेळी पडला, तेव्हा गल्लीत पाणी साचले, ओट्यापर्यंत आले आणि ओहोटी लागल्यावर दीड तासात उतरले. पूर्वी याला चार-पाच तास लागत. म्हणजे झडप उघडते आहे आणि मिटते आहे, पण तलावात पुरेशी जागा नाही, हे त्यावरून कळते. गाळाचा अर्ज परवानगीच्या वाटेवर आहे. व्हॉल्व्ह बसवलेली घरे गल्लीत आता सहा आहेत. बाकीच्यांच्या मोऱ्यांमध्ये त्या दिवशीही पाणी आले.

बिजागरी खाऱ्या हवेत किती दिवस टिकेल हे पाहत राहावे लागेल. बांधावर जाण्याचे काम कोणाचे हे कागदावर ठरलेले नाही. सध्या ते मुलगा होडी काढताना जाता-जाता करतो, जाळीत अडकलेला कचरा वल्ह्याने मोकळा करतो आणि ओहोटीला दार उघडे दिसले की नातवाला फोन करतो. नातू ते वहीत लिहितो. येत्या पौष अमावास्येनंतरच्या दुसऱ्या रात्री, साडेबारा वाजता, पट्टी घेऊन आम्ही पुन्हा त्याच गटारापाशी बसणार आहोत.